पोर्तुगालचा नवस

तांडा, ता. मानोरा
२९ ऑगस्ट २०२४

चि. करण,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडलं नसशील, तर आशीर्वाद. फाडलं असशील, तरी आशीर्वाद आहेच.

तुझा पत्ता निकिताने दिला. वाशिमच्या दवाखान्यात तिची ड्यूटी असते, पण पोळ्यासाठी सुट्टी काढून आली आहे. पत्ता देताना तुझी बहीण मला म्हणाली की फोन तो तुमचा उचलणार नाही, पण पत्र कोणी कट करत नाही. मलाही ते पटलं. फोनवर माझी जीभ सुटते. कागदावर निदान खोडता येतं.

काम असं की एक फोटो हवा आहे. पोर्तुगालच्या फुटसल टीमची लाल जर्सी असते ना, ती घालून काढलेला. तुझ्या तिकडे, पोर्तुगालात, बाजारात मिळत असेल. मागे गोलपोस्ट किंवा स्टेडियमची एखादी भिंत आली तर उत्तम. कारण विचारू नकोस.

विचारशीलच, म्हणून सांगतो. मागच्या महिन्यात तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर आम्ही चार जण बसलो होतो. फुलचंद नायकाने सहज विचारलं, गुरुजी, करण तिकडं काय करून राह्यला? त्याच दिवशी पेपरात पोर्तुगालची फुटसल टीम विश्वविजेती असल्याचं वाचलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं की तो तिथल्या टीमसोबत आहे. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. पण 'खेळतो' असं मी म्हणालो नाही, हे लक्षात घे. टीमसोबत तर जर्सी धुणारेही असतात आणि सामान उचलणारेही.

लोकांनी मात्र लगेच मानलं. मानणारच. सोसायटीच्या गोदामासमोर सोयाबीन वाळवायच्या सिमेंटच्या ओट्यावर तू पाच-पाच पोरांचे फुटसलचे सामने लावायचास, ते सगळ्यांना आठवतं. तुझा तो लहान, जड चेंडू उसळत नाही म्हणून मी तो पंक्चर समजलो आणि हवा भरायला मानोऱ्याला नेला, हेही लोक अजून हसून सांगतात.

तेव्हा एवढा फोटो पाठव. मे महिन्यातल्या त्या दुसऱ्या फोटोबद्दल मी काही बोलत नाही. तूही बोलू नकोस.

याडी बरी आहे. आईचंच मन ते, तुझी वाट पाहते.

तुझा बा,
दौलतसिंग

*

२० सप्टेंबर २०२४

चि. करण,

फोटो आला नाही. टपालाला वेळ लागतो, हे मी समजू शकतो.

इकडे वर्ल्डकपने तांडा पार हलवून सोडला आहे. सामने उझबेकिस्तानात चालले आहेत. निकिताचा जुना मोबाईल नायकाच्या ओट्यावर तांब्याला टेकवून ठेवतो आणि सगळे दाटीवाटीने बसतात. पनामाला आपण दहा-एकने धुतलं. काल ताजिकिस्तानने दम काढला, पण तीन-दोनने निघालो. बघ, 'आपण' म्हणायची सवय लागली आहे.

कालच्या सामन्यात बाकावरच्या माणसांपाशी कोणी एक सावळा पोरगा पाण्याच्या बाटल्या देत होता. ऊसतोडीला जाणारा आपला रूपला ओरडला, तो पाहा करण. सगळे पुढे झुकले. तुझ्या याडीने पदराने हात पुसला आणि त्या काचेवर बोट ठेवलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, दिसतो खरा.

त्या वेळी खरं बोलायला काय बिघडत होतं, असं तू म्हणशील. ती हसत होती रे. तू गेल्यापासून ती तशी हसली नव्हती.

मी संघाचा सगळा इतिहास पाठ केला आहे. कोणी काही विचारलं तर अडखळायला नको. २०१० साली युरोपच्या फायनलला स्पेनने हरवलं. आठ वर्षांनी त्याच स्पेनकडून फायनलमध्ये कप घेतला, तोही जादा वेळेत. २०२१ ला अर्जेंटिनाला हरवून जग जिंकलं. पुढच्याच वर्षी युरोपच्या फायनलला रशिया दोन गोलांनी पुढे होता, तिथून चार मारले. हे मी ओट्यावर वर्गात शिकवावं तसं सांगितलं. नायक म्हणाला, म्हंजे पडून उठनारी मानसं हायेत. मला इतका अभिमान वाटला की जणू त्यांना मीच शिकवलं.

मंगळवारी सेवालाल महाराजांच्या देवळापुढे भोग लावला. अग्नीत तूप-गूळ टाकून झाल्यावर नायकाने नेहमीची अरदास म्हटली. ढोरावासरांना सांभाळ, लेकराबाळांना सांभाळ, बाहेरगावी गेलेल्यांना सुखरूप आण. आणि शेवटी, पोर्तुगालच्या टीमले यश दे. सगळ्या तांड्याने हात जोडले. मीही जोडले.

तिथेच तुझी याडी नवस बोलली. टीम कप आणेल तोवर पायात चप्पल घालणार नाही, म्हणे. तिची शुगर तुला माहीत आहे. मी तिला अडवायला हवं होतं. पण फायनल सहा ऑक्टोबरला आहे, थोड्या दिवसांचा प्रश्न. आणि टीम काही लेचीपेची नाही.

फोटोचं पाहा.

तुझा बा

*

२८ सप्टेंबर २०२४

चि. करण,

हरलो. कझाकस्तानने दोन-एकने घरी पाठवलं. माझ्या शाळेच्या वयात भूगोलाच्या पुस्तकात हा देश वेगळा दाखवतसुद्धा नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक घरी यायला लागले. थट्टा नाही करत, सांत्वनाला यावं तसे आले. रूपलाच्या बायकोने, रामीबाईने, चहा करून आणला. रूपला दारातच बसला आणि म्हणाला, गुरुजी, करणले कोनी बोललं तं नसन ना? हरलं की पगार कापतेत का तिकडं? मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, दुःख झालं आहे. दुःखही होतं, ते खोटं नव्हतं. त्या संघासाठी माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं. माझं पोरही तिकडे घरच्या आठवणीने रडत असेल का, हा विचार तेव्हा आला नाही, आता लिहिताना येतो आहे.

लोक गेल्यावर मी तुझ्या याडीला म्हणालो, झालं, आता चप्पल घाल, नवस संपला. ती सुपात धान्य पाखडत होती. म्हणाली, "हारल्यावर नवस सुटत नसते. देव काय मॅच पाहून पळून जाते?" मग विचारलं, पुढचा कप केव्हा आहे. आणि पाठांतराची खोड बघ माझी, मी चटकन सांगून बसलो की युरोपचा कप २०२६ च्या सुरुवातीला. ती म्हणाली, मंग तवरोक.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. इथे खोटं माझं आणि गोटा तिच्या पायाखाली.

म्हणून आता फोटो नको. जर्सी घेतली असशील तर राहू दे. तू फक्त तिला एकदा फोन कर आणि सांग की टीम सोडली, दुसरीकडे काम मिळालं. एवढं एक वाक्य. माझ्याशी बोलू नकोस, फोन तिला देऊन मी अंगणात जाईन.

तुझा बा

*

१४ नोव्हेंबर २०२४

करण,

तुझा फोन आला नाही. निकिता म्हणाली, "दादा म्हणते, पहिलं खोटं मी बोललो नाही, दुसरं कायले बोलू?" बरोबर आहे.

तुला काळजी वाटेल म्हणून लिहिणार नव्हतो. पण आता न लिहिणं म्हणजे आणखी एक खोटं होईल. सोयाबीन सोंगून झाल्यावर तुझी याडी वावरात राहिलेल्या शेंगा वेचायला गेली होती. सोयाबीनचे खुंट कसे असतात ते तुला सांगायला नको, सुईसारखे उभे. एक तळपायात गेला. तिने हळद भरली आणि आठ-दहा दिवस कोणाला सांगितलं नाही. लंगडायला लागली तेव्हा मी पाहिलं. मानोऱ्याच्या दवाखान्यात नेलं. एक दिवसाआड पट्टी बदलावी लागते. जखम काही भरत नाही. डॉक्टरीणबाई माझ्यावरच चिडल्या, म्हणाल्या, गुरुजी, तुम्ही शिकलेली माणसं, शुगरच्या पेशंटला अनवाणी फिरू देता? जखम अशीच वर चढली तर पाय कापावा लागेल.

मी तिथेही खरं सांगितलं नाही. म्हणालो, बायका ऐकत नाहीत.

येताना मऊ तळाची चप्पल घेतली. तिने ती देव्हाऱ्याखाली नेऊन ठेवली, कप येईल तेव्हा घालायची म्हणून. मी रोज सकाळी ठरवतो की आज हिला सांगायचं. ती पट्टी बांधलेला पाय ओढत चुलीपाशी जाते, माझ्यासाठी चहा ठेवते आणि विचारते, करणच्या टीमची काही खबर? आणि मी सांगतो, रे. सराव सुरू आहे म्हणून सांगतो.

आता त्या फोटोचं बोलतो. मे महिन्यात तू मला आणि याडीला पाठवलेला. प्लास्टिकच्या लांबच लांब पॉलीहाऊसमध्ये तू कमरेत वाकून स्ट्रॉबेरी तोडतो आहेस, बाजूला क्रेट. खाली लिहिलं होतंस, 'याडी, हे माझं वावर.' हसत होतास. मी तुला काय लिहिलं ते तुझ्या लक्षात असेलच. असले फोटो पाठवत जाऊ नको, लोक पाहतात. एवढ्यावर थांबलो नाही. ती आंघोळीला गेली होती, तिच्या मोबाईलमधून मी तो फोटो पुसला, मग माझ्याही. तिने तो पाहिलाच नाही. मला वाटतं तुझी समजूत अशी झाली असेल की तिलाही लाज वाटली, म्हणून तू तिलाही फोन करत नाहीस. तिचा यात काही दोष नाही, हे आधी समजून घे.

माझी माय मला कोयत्याच्या थळावर, ऊसतोडीच्या मुक्कामी, व्याली. उसाच्या पाचटावर झोपून मी मोठा झालो. मास्तर झालो तेव्हा मनाशी धरलं होतं की या घरातलं कोणी आता दुसऱ्याच्या पिकात वाकणार नाही. आणि तू सात समुद्र ओलांडून वाकायलाच गेलास, असं मला वाटलं. लाज वाटली. स्पष्ट लिहितो, तुझी लाज वाटली.

आणि बघ, त्या संघाने कोणत्या साली कोणाला हरवलं ते मला तोंडपाठ आहे. तू सकाळी किती वाजता उठतोस, कोणासोबत राहतोस, भाकरी मिळते की ब्रेडच खातोस, यातलं एकही मला सांगता येणार नाही. मास्तर असून नापास.

बा

*

२५ नोव्हेंबर २०२४

करण,

सांगून टाकलं. कसं ते लिहितो. मधे थांबलो तर पुन्हा लिहिणं होणार नाही.

दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीची माणसं निघतात, ते तुला माहीत आहे. यंदा मतदानासाठी थांबली होती. मतदान आटोपलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ट्रक आला. भांडी, कोंबड्या, खोपीची प्लास्टिकं, सगळं चढलं. रूपला आणि रामीबाई, शेजारची दोन घरं, सगळे वर बसले. ट्रक हलायच्या आधी नायक अरदास म्हणतो. निरोप द्यायला सगळा तांडा जमतो. तुझी याडीही आली होती, पट्टी बांधलेल्या उघड्या पायाने, गिट्टीवरून चालत. मी नको म्हटलं होतं.

नायकाने सुरू केलं. रस्त्यात सांभाळ, कोयत्यापासून सांभाळ. आणि शेवटी, आता सवयच झालेली, पोर्तुगालच्या टीमले पुढच्या बारीले यश दे, आमचा करण तिथं हाय. तुझी याडी वाकली आणि जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला. ती वाकली तेव्हा तिचा सगळा भार त्याच पायावर आला. पट्टी खालून ओली झालेली मला दिसली.

मी म्हणालो, "नायक, ते नाव काढा."

नायकाला कळलं नाही. त्याला वाटलं, टीम हरली म्हणून मी रुसलो.

"करण टीममधी नाही," मी म्हणालो. "कधीच नव्हता. तो तिथं वावरात मजुरीले हाय. स्ट्रॉबेरी तोडते. मी खोटं बोललो. तुमच्याशीबी, तिच्याशीबी."

हसतील याची मी तयारी केली होती. कोणीतरी शिवी घालेल, याचीही केली होती. ट्रकवरची एक कोंबडी तेवढी फडफडत होती. मग वरून रामीबाईने विचारलं, "म्हंजे करणबी तोडीवरच गेला?"

मी मान हलवली.

"मंग सांगाले काहून लाज वाटली, गुरुजी? आमी तं दर सालीच जातो."

तिला खरंच कळत नव्हतं. मी वर पाहिलं तर सगळा ट्रक माझ्याकडे पाहत होता. यातल्या निम्म्या माणसांना मी पाढे शिकवले आहेत. त्यांच्या पोरांच्या दाखल्यांवर सह्या केल्या आहेत. त्यांच्यासमोर उभं राहून मी इतके महिने सांगत होतो की माझा मुलगा तुमच्यासारखा नाही. तुझी एकट्याची लाज नव्हती ती. माझ्या मायचीही होती, या सगळ्यांचीही होती. करण, त्या ट्रकच्या चाकाखाली जागा असती तर मी तिथे गेलो असतो.

नायक ट्रकच्या आणखी जवळ गेला. मग त्याने अरदास पहिल्यापासून पुन्हा सुरू केली. ट्रकमधल्या एकेकाचं नाव घेतलं. शेवटी म्हणाला, आन आमचा करण दूरच्या तोडीवर हाय, त्यालेबी सांभाळ. सगळ्यांनी हात जोडले. माझे हात जोडले जाईनात. ट्रक गेला.

घरी आल्यावर तुझी याडी सरळ चुलीपाशी गेली. भाकरी केली, वाढली, पण समोर बसली नाही. दिवे लावायच्या वेळी म्हणाली, "काय तोडते म्हनले तो?"

"स्ट्रॉबेरी."

"काटे असतेत का तिले?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं. या वर्षात तिला मी दिलेलं ते पहिलं खरं उत्तर असेल.

मग मी फोटोचंही सांगितलं. तू काय लिहिलं होतंस ते सांगितलं, 'याडी, हे माझं वावर.' आणि तो मी तिच्या मोबाईलमधून कसा पुसला, तेही. तेव्हा ती रडली. तोवर रडली नव्हती. मी चप्पल आणून पुढे ठेवली. तिने हाताने बाजूला सारली.

"नवस मी टीमसाठी नवता बोलला," ती म्हणाली. "माहं लेकरू तिथं हाय म्हून बोलला. त्याचं काम माह्या डोयानं पाहीन, तवाच घालीन."

तुला ही बाई माहीत आहे. ती घालणार नाही.

तेव्हा करण, मला माफ कर असं मी लिहीत नाही. तेवढं तोंड नाही माझं. तो फोटो असेल तर पाठव. तो नसेल तर दुसरा काढून पाठव, जसा असशील तसा. माझ्यासाठी नको. तिच्या पायासाठी पाठव.

बा

*

२४ डिसेंबर २०२४

करण,

फोटो परवा आला. निकिताच्या मोबाईलवर आला, माझ्या नाही. बरोबर केलंस. खाली एक अक्षरही नव्हतं. तेही बरोबर आहे.

निकिता वाशिमहून मुद्दाम आली. याडीला बाहेर उन्हात बसवलं आणि मोबाईल तिच्या हातात दिला. तोच फोटो, मे महिन्यातला. तिने आधी तुझे हात मोठे करून दाखवायला लावले. म्हणाली, काळा पडला. मग म्हणाली, "खाली घे, पाय दाखव." निकिताने पाय मोठे केले. ती मोबाईल डोळ्यांपाशी नेऊन म्हणाली, "बूट हायेत. पोटऱ्यापर्यंत हायेत."

मग तिने मला सांगितलं, चप्पल द्या.

मी देव्हाऱ्याखालून आणली. पट्टीमुळे तिला ती चढवता येत नव्हती. माझे गुडघे तुला माहीत आहेत, पण मी वाकलो, पट्टा ढिला केला आणि तिच्या पायात घातली. आधी दुखऱ्या, मग चांगल्या. ती वरून तुझ्याकडेच पाहत होती.

जखमेची कड आता कोरडी दिसते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाई करू नका, पण पाय राहील.

नायकाने फोटो पाहायला मागितला. मी ओट्यावर नेऊन सगळ्यांना दाखवला. कोणी टीमचं नाव काढलं नाही. फक्त एवढं विचारलं की मुकादम कसा आहे आणि पाणी कुठून आणता. मी म्हणालो, विचारून सांगतो.

पत्राचं उत्तर मागायचा हक्क मला नाही. तरी एक विचारतो. निकिताला कळवलंस तरी चालेल. स्ट्रॉबेरीला काटे असतात का? तुझी याडी रोज विचारते.

बा